रतनताईचा फोन

।। श्री ।।

मुलुंड (पूर्व)
४ ऑगस्ट २०२४

ती. रतनताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र, कोकमं आणि कुळथाचं पीठ पोचलं. पिठाची पिशवी वाटेत फुटली होती, त्यामुळे पत्र झटकून वाचावं लागलं. दुहेरी पिशवी वापर, हे मी मागेही लिहिलं होतं.

कानातलं यंत्र कपाटात ठेवून ऐकू येत नाही, ते कानात घालावं लागतं, हेही लिहिलं होतं. मी बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, आणि सख्ख्या थोरल्या बहिणीशी बोलायला मला शाईचं पेन लागतं. तुझा फोन येतो तो फक्त कुणी गेलं की. कोण गेलं, कधी गेलं, तेरावं कुठे, एवढं सांगून तू ठेवून देतेस. समोरचा काय म्हणतोय ते तुला ऐकूच येत नाही, तेव्हा थांबणार तरी कशाला. आमच्या घरात तुझं नाव फोनवर दिसलं की हे आधी खुर्चीत बसून घेतात.

रुचिराला पाचवा महिना संपत आला. सूनबाई अडतिसाव्या वर्षी पोटुशी आहे, लग्नाला अकरा वर्षं झाली, तेव्हा मी जपतेच आहे. पण तिचं काही मला कळत नाही. मुलुंडमध्ये डॉक्टरांचा दुष्काळ असल्यासारखी ती तपासायला पार पार्ल्याला जाते. त्यात रात्री जेवल्यावर एक बारीक गोळी घेते. मी पाकीट पाहिलं तर अ‍ॅस्पिरिन. डोकं दुखतं का म्हणून विचारलं, तर नाही म्हणाली. मग कशाला, तर डॉक्टरांनी दिलीय. डॉक्टरांनी कशासाठी दिलीय, ते सांगेना. मी साफ सांगितलं की कारण माहीत नसलेली गोळी पोटातल्या बाळाला देऊ नये, आम्ही बाळंतपणं गोळ्या खाऊन नाही केली. तिने पाकीट उचललं आणि आत गेली. त्यानंतर गोळी काही दिसली नाही. मुलगी ऐकणारी आहे, एवढं कबूल करते.

देवेश सध्या कंपनीच्या कामासाठी नाशिकला असतो, शनिवार-रविवार येतो. तिसऱ्या मजल्यावरच्या गार्गीची ती काचेतली जुळी आता जिन्यात उच्छाद मांडतात. पैसे भरून डॉक्टरांकडून करवून आणलेली मुलं, दुसरं काय होणार. आपल्याला देवाने उशिरा का होईना, पण सरळ दिलं.

यांचा नमस्कार. लोभ आहे हे गृहीत धरते, पिशवीचं तेवढं लक्षात ठेव.

तुझी
रुक्मिणी


।। श्री भगवती प्रसन्न ।।

मुणगे
१३ ऑगस्ट २०२४

चि. रुक्मिणीस,
अ. आ.

तुझं हुकूमपत्र मिळालं. थोरली मी आहे की तू, हे आईने जन्माच्या वेळी नीट लिहून ठेवायला हवं होतं.

ते यंत्र मी लावून पाहिलं. त्यातून फक्त शेजारचा मिक्सर ऐकू येतो, माणसं नाहीत. मिक्सर ऐकण्यासाठी मी कानाला भोक पाडून घेणार नाही. माझी पाटी बरी. ज्याला काही सांगायचं असेल तो लिहितो, मी वाचते आणि पुसते. लोक लिहिताना निम्मं खोटं आपोआप गाळतात.

बाये, एक सांगते. गोळी डॉक्टरने दिली असेल तर तिला घेऊ दे. तू टेलिफोनात होतीस, दवाखान्यात नव्हतीस. तिने कारण सांगितलं नाही म्हणजे कारण नाही असं होत नाही. आणि काचेतली मुलं वगैरे तिच्यासमोर बोलत जाऊ नकोस. का, ते विचारू नकोस.

पौषातल्या जत्रेला ती आली होती तेव्हा माझ्याजवळ बसून तांदूळ निवडत होती. गुणाची पोर आहे. तिला माझा आशीर्वाद सांग, आणि खारातले आंबे पाठवते आहे, दुहेरी पिशवीतून.

हुकमतीत असलेली तुझी थोरली,
रतन


।। श्री ।।

मुलुंड (पूर्व)
७ ऑक्टोबर २०२४

ती. रतनताईस,
सा. न. वि. वि.

काल रविवारी डोहाळजेवण झालं. नवरात्रातला दिवस, देवेश आलेला, सगळं जुळत होतं. पितृपक्षाच्या आधी जमलं नाही, म्हणून आता आठव्यात केलं. पस्तीस माणसं होती. पुरणपोळी मी केली, बाकीचं जेवण बाहेरून मागवलं, आणि ते आळणी होतं. तुझ्या आंब्यांनी लाज राखली.

एक गंमत सांगते. हिरव्या बांगड्या मी स्वतः मार्केटातून आणल्या होत्या, गणपतीत तिने घातल्या त्याच मापाच्या. त्या काही केल्या हातात जाईनात. साबण लावला, तेल लावलं, दोन वाढल्या. शेवटी देवेशला धावत पाठवून मोठ्या आणवल्या, त्याही जेमतेम गेल्या. अंगठी तर आठवड्यापूर्वीच काढून ठेवलीय म्हणाली. बायका चेष्टा करत होत्या की सासूने खाऊ घालून घालून सुनेचा भोपळा केला. तोंडही भरलंय. फोटोत ती मला दुसरीच कुणीतरी वाटली. पोटुशीच्या अंगावर पाणी चढतंच, मला देवेशच्या वेळी पाय किती सुजले होते.

तिचं डोकं मात्र दोन-तीन दिवस दुखतंय. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. दिवसभर कॉम्प्युटरकडे बघितल्यावर दुसरं काय चमकणार. मी पडदे ओढून तिला झोपवलं. यांच्या बीपीच्या यंत्रावर ती मोजत असते. शनिवारी तिला एकशे साठ की काहीतरी दाखवलं. ते यंत्र यांच्याइतकंच जुनं आहे, त्याला काहीही दिसतं. देवेशला सेल आणायला सांगितले, तो विसरून रात्रीच नाशिकला गेला. पार्ल्याच्या डॉक्टरची शनिवारची वेळ होती, ती मी पुढच्या शनिवारवर ढकलायला लावली. घरात कार्य आणि ही पार्ल्याला, हे काही बरं दिसलं नसतं.

फोटो सोबत आहेत. पाठीमागे नावं लिहिली आहेत, नाहीतर तू विचारशील ही कोण. स्पीड पोस्टने पाठवते.

प्रेम असू दे, आणि यंत्र कानात असू दे.

तुझी
रुक्मिणी


।। श्री भगवती ।।

मुणगे
१० ऑक्टोबर २०२४, दुपार

रुक्मी,

आत्ता तुला फोन करून ठेवला. तू काय म्हणालीस मला कळलं नाही. म्हणून पुन्हा सगळं लिहिते, म्हणजे नंतर तू म्हणू नकोस की ताई काहीतरी बरळली.

पत्र आज सकाळी अकरा वाजता आलं. फोटो पाहिले आणि हात बघितले. मग बांगड्यांचं वाचलं. चेतनाला, म्हणजे शेजारच्या मुलीला, माझ्या वतीने फोन करायला सांगणार होते. पण जे सांगायचं होतं ते दुसऱ्याच्या तोंडून सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून घाटीवर रेंज येते तिथे जाऊन मीच बोलले.

आपली धाकटी आत्या तुला आठवणार नाही, तू तेव्हा वडिलांबरोबर लालबागच्या खोलीत होतीस. ती बाळंतपणाला इथे आली होती. तिचे हात असेच सुजले. बांगड्या रुतायला लागल्या म्हणून आजीने त्या दगडावर ठेवून वाढवल्या, आणि सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या अशा फोडू नयेत म्हणून घरातले सगळे आजीवर चिडले. हाताकडे कोणी पाहिलं नाही. आत्याला डोळ्यांसमोर उजेड दिसायचा. मग तिला झटके आले. झपाटलंय म्हणून भगताला बोलावलं. तो येईपर्यंत ती गेली आणि बाळही गेलं. मी सात वर्षांची होते, पडवीत उभी होते. बांगड्यांच्या काचा मीच गोळा केल्या.

दुसरं. रुचिराचं बाळ उपचाराचं आहे, तुझ्या भाषेत काचेतलं. जत्रेच्या वेळी तिने मला पाटीवर लिहून सांगितलं. एकदा फसलं होतं, पुन्हा करणार होते. मी विचारलं, सासूला का नाही सांगत. तिने लिहिलं की आई गार्गीच्या मुलांबद्दल काय बोलतात ते रोज ऐकते. डॉक्टरीणबाईने तिला आधीच सांगून ठेवलं होतं की या वयात, या उपचाराने दिवस राहिले तर रक्तदाब चढायची भीती जास्त असते, सांभाळावं लागेल. तेही तिने लिहिलं. मग आम्ही पाटी पुसली. मी देवीची शपथ घेतली होती कोणाला सांगणार नाही म्हणून. आज मोडली. देवी माझं काय ते बघून घेईल, तू पोरीचं बघ.

तू गेलीस की नाही हे मला कळायला मार्ग नाही. माझ्या फोनवर मराठी मजकूर आला की नुसते चौकोन दिसतात. चेतनाच्या फोनवर एवढंच कळव, पोचलो. बाकी काही नको.

रतन


।। श्री ।।

मुलुंड (पूर्व)
२० ऑक्टोबर २०२४

ती. रतनताईस,
सा. न. वि. वि.

चेतनाच्या फोनवर त्या दिवशी पोचलो, आणि शनिवारी दोघी सुखरूप, एवढं कळवलं होतं. आता सविस्तर लिहिते. आजपर्यंत बसायला फुरसत नव्हती.

गुरुवारी दुपारी मी उपासाची थालीपिठं लावत होते. यांनी फोनवर तुझं नाव पाहिलं, गॅस बंद केला आणि खुर्चीत बसले. मी कानाला लावला आणि विचारलं कोण गेलं. तू अर्थातच ऐकलं नाहीस. तू मालवणीत सुरू झालीस, तेव्हाच मला कळलं की काहीतरी मोठं आहे. तू म्हणालीस की कोणी गेलेलं नाही, पण तू अशीच थालीपिठं लावत बसलीस तर जाईल. मी थालीपिठं लावत होते हे तुला कसं कळलं, देव जाणे.

मी तीनदा मधे तोंड घातलं. पहिल्यांदा म्हणाले की सूज सगळ्यांना येते. दुसऱ्यांदा म्हणाले की हे उपचाराचं वगैरे खोटं आहे. तिसऱ्यांदा काय म्हणाले ते मलाच आठवत नाही. तू थांबलीच नाहीस. घरात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणाचं म्हणणं मी अर्ध्यात तोडलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. तुझं शेवटपर्यंत ऐकावं लागलं, कारण तोडायची सोयच नव्हती.

फोन ठेवून मी खोलीत गेले. रुचिरा पडदे ओढून पडली होती. मी विचारलं की ताई म्हणते ते खरं का. ती उठून बसली आणि म्हणाली हो. मग म्हणाली की गोळी तिने तेव्हापासून बंदच केली होती, कारण कशासाठी ते सांगावं लागलं असतं, आणि हे तिने डॉक्टरपासूनही लपवलं. मग विचारलं की मी रागावले का. मी सांगितलं की रागवायचं नंतर पाहू, आधी चपला घाल.

रिक्षात बसून तिने पार्ल्याच्या डॉ. शर्मिष्ठांना फोन लावला. त्यांनी बजावलं की पार्ल्याकडे यायचं नाही, जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं. तिथे नर्सने मोजलं तर एकशे शहात्तर. यांचं यंत्र बिघडलेलं नव्हतं, ताई. बिघाड ते वाचणाऱ्यांत होता.

लघवी तपासली, रक्त तपासलं. तरुण डॉक्टरीण होती, तिने मला उभं करून समजावलं. याला प्रीएक्लाम्पसिया म्हणतात. रक्तदाब चढतो, मूत्रपिंड आणि यकृत दमायला लागतं, आणि वेळीच आवरलं नाही तर झटके येतात. आत्याचे झटके ते हेच. झटके येऊ नयेत म्हणून शिरेतून औषध लावलं, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून दोन इंजेक्शनं दिली. शिरेतल्या त्या औषधाने अंगाची आग होते. रुचिरा म्हणत होती की आतून कुणीतरी चूल पेटवलीय. मी कपाळावर ओला रुमाल ठेवत बसले. देवेश नाशिकहून येऊन पोचला, तोवर मीच सह्या केल्या.

मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं की गोळी मी बंद करायला लावली म्हणून हे झालं का. तिने मला बरं वाटावं म्हणून काही सांगितलं नाही, ते आवडलं. म्हणाली की गोळीने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही, तेव्हा नक्की सांगता येणार नाही. पण डोकं दुखतंय, काजवे दिसतायत, हात सुजलेत, आकडा एकशे साठ, आणि तुम्ही वेळ पुढे ढकललीत, हे मात्र नक्की चुकलं. आणखी थोडं थांबला असतात तर आपण वेगळं बोलत असतो, असं म्हणून ती पुढच्या खाटेकडे गेली. मी तिथेच उभी राहिले.

शनिवारी सकाळी दाब आवरेना आणि रक्तातल्या पेशी घसरायला लागल्या, म्हणून ऑपरेशन केलं. दसरा होता. मुलगी झाली. दीड किलो. मोठ्याने रडली नाही, पण रडली. रुचिराचा दाब पुढचे चार दिवस डॉक्टरांना दमवत होता, आता उतरलाय. काल तिने वरणभात मागून घेतला आणि मीठ कमी आहे म्हणून तक्रार केली. तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला.

मुलगी काचेच्या पेटीत आहे. दिवसातून दोनदा बघू देतात. मी हात धुते, टोपी घालते आणि काचेबाहेर उभी राहते. तुला वेगळं लिहायची गरज नाही, तुला कळलंच असेल.

तुझ्या मोडलेल्या शपथेसाठी मी भगवतीला ओटी पाठवते आहे. ती भरून टाक. नारळ चांगला बघून घे.

तुझी
रुक्मिणी


।। श्री ।।

मुलुंड (पूर्व)
६ नोव्हेंबर २०२४

ती. रतनमावशीस,
कृ. सा. न.

मावशी, मी आयुष्यात पहिल्यांदा पोस्टाने पत्र लिहिते आहे, तेव्हा अक्षर आणि घड्या दोन्ही समजून घ्या. पाटी असती तर बरं झालं असतं.

काल बाळाला घरी आणलं. ती आता एक किलो नऊशे आहे, दूध ओढते आणि रागावली की दोन्ही मुठी आपटते. आई म्हणतात हा स्वभाव माहेरचा, मी म्हणते सासरचाच. माझी बीपीची गोळी अजून चालू आहे, ती हळूहळू बंद होईल. या पुढेही वर्षावर्षाला दाब तपासत राहायचा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. बाबांच्या यंत्राला आता घरात मान आहे. ते देव्हाऱ्याशेजारी ठेवलंय.

तुम्ही शपथ मोडली म्हणून मला वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर वाटून घेऊ नका. खरं तर दोष मला घ्यायला हवा. मला आईंच्या बोलण्याची जितकी भीती वाटायची, तितकी झटके येण्याची वाटली नाही. हे आता लिहिताना वेडेपणाचं दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, आईंनी स्वतः कळवली नसणार. मी घरी आले त्या दिवशी लिफ्टमध्ये गार्गी भेटली, जुळी बरोबर होती. तिने बाळाची चौकशी केली. आई म्हणाल्या की बरी आहे, आमचीही काचेतलीच आहे, तुझ्यासारखी. आणि मग सगळ्या मजल्यांवर लिफ्ट थांबेल इतकी बटणं त्या मुलांना दाबू दिली. संध्याकाळी गार्गीने तिच्या मुलांचे लहानपणीचे इवलेसे कपडे धुऊन, इस्त्री करून पाठवले. दुकानात एवढ्या मापाचे मिळत नाहीत, मावशी. आमच्या बाळाला तेच बरोबर बसतात.

हॉस्पिटलात आई रागवायच्या राहिल्या होत्या, ते घरी आल्यावर रागावल्या. पाऊण तास. मी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या की तू मला सांगितलं नाहीस याचं मला वाईट वाटलं, आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

तुमचा हात आमच्या डोक्यावर असाच राहू दे.

तुमची
रुचिरा


।। श्री ।।

मुलुंड (पूर्व)
२४ नोव्हेंबर २०२४

ती. रतनताईस,
सा. न. वि. वि.

आज सकाळी तुझा फोन आला. तुला कळावं म्हणून इकडे काय झालं ते लिहिते.

फोनवर तुझं नाव पाहिल्याबरोबर हे खुर्चीत बसले. देवेश बाळाची बाटली घेऊन जागच्या जागी थिजला. रुचिराने मुलीला छातीशी धरलं. माझे हात कणकेचे होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. आणि तू म्हणालीस की कोणी गेलेलं नाही. कोणीतरी आलंय, त्याची बातमी द्यायला आजवर कधी फोन केला नव्हता, म्हणून केला. एवढं बोलून ठेवून दिलास.

ताई, या घरात सगळ्यांचा जीव तेवढ्या वेळात वर गेला आणि खाली आला. आधी हे हसायला लागले, मग देवेश. मुलगी दचकून रडली. आवाज आता चांगला खणखणीत आहे. रुचिराच्या हातातल्या मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत जातात. काढू का विचारत होती. मी म्हटलं राहू दे, मला त्या खाली-वर होताना बघायच्या आहेत.

बारसं डिसेंबरात करणार, डॉक्टरांनी दिलेली मूळ तारीख उलटल्यावर. माणसं मोजकी बोलावणार, गार्गी आणि जुळी त्यात आहेत. देवेशला बहीण नाही, तेव्हा आत्याचं काम कुणी करायचं हा प्रश्न होता. प्रश्न मीच सोडवला आहे, चर्चा नको. मुलीच्या कानात नाव तू सांगायचंस. तिथे फक्त बोलायचं असतं, समोरच्याने उत्तर द्यायचं नसतं. तुझ्याइतकं ते कुणाला जमत नाही, आणि ही मुलगी पुढे ऐकून घेणारी निघेल, अशी मला आता थोडी आशा आहे.

तू फोन ठेवल्यावरही मी बोलत होते. हे विचारत होते की कुणाशी बोलतेस. तुला ऐकू गेलं नसतं, म्हणून इथे लिहिते. ये, एवढंच म्हणत होते. पाटी घेऊन ये. यंत्र कपाटातच राहू दे.

तुझी
रुक्मी